जुना नायक आणि त्याचे मालक

फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईच्या चित्रव्यवसायातून एक घोषणा झाली. १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’ ह्या विज्ञानकल्पनेवर आधारलेल्या चित्रपटाची तीन भागांत नव्याने मांडणी करण्याचे दिग्दर्शक अली अब्बास जफर ह्यांनी जाहीर केले. चालू यंत्र बंद करून पुन्हा आरंभापासून सुरू करावे, तशी जुनी गोष्ट नव्याने सांगण्याच्या ह्या प्रकाराला आता ‘रीबूट’ असे नाव पडले आहे. घोषणेनंतर पाच वर्षे उलटली तरी तो चित्रपट पडद्यावर आला नाही. परंतु तिने उभा केलेला प्रश्न मात्र संपलेला नाही.

घोषणा होताच मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक शेखर कपूर ह्यांनी जाहीर तक्रार केली की, आपल्याला कोणी साधे विचारलेदेखील नाही. त्यावर मूळ चित्रपटाचे एक लेखक जावेद अख्तर ह्यांनी उत्तर दिले की, कथा, प्रसंग, संवाद व गीते ह्यांपैकी काहीच दिग्दर्शकाचे नव्हते. कायदा ह्या दोघांपेक्षा वेगळेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने कथालेखक व गीतकार ह्यांना मोबदल्यातील हिस्सा सोडून देता येणार नाही असे संरक्षण मिळाले. दिग्दर्शकाच्या हाती मात्र तेही आले नाही. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे, म्हणजे ‘मिस्टर इंडिया’च्या बाबतीत २०४७ अखेरपर्यंत टिकणार आहे.

ह्या वादात एका पक्षाचे नाव कोणीच घेतले नाही. तो पक्ष म्हणजे प्रेक्षक. तिकीट काढून ज्यांनी हा चित्रपट पाहिला, पुढे दूरदर्शनच्या संचासमोर शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बसून पुन्हा पाहिला, ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील शिक्षकांत, दुकानदारांत, एस.टी.च्या कर्मचाऱ्यांत अशी माणसे सहज भेटतील. जुना नायक परत येणार म्हणून त्यांना आनंद होतो आणि त्याचे काहीतरी भलतेच करून ठेवतील म्हणून भीतीही वाटते. ह्या दुहेरी भावनेला भाबडेपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण तिच्यात अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे.

गावाबाहेरची पडीक जमीन घ्या. सरकारी खर्चाने तिच्या कडेने रस्ता जातो, पलीकडे वस्ती होते, शाळा निघते. मालकाने एक कुदळही मारलेली नसते, तरी जमिनीचा भाव दसपट होतो. जॉन स्टुअर्ट मिलने अशा मूल्याला ‘अनर्जित वाढ’ म्हटले आणि ती समाजाने निर्माण केली असल्यामुळे तिच्यावर समाजाचा अधिकार आहे असे प्रतिपादन केले. लोकप्रिय कथेच्या नावाचे असेच असते. लेखक, दिग्दर्शक, नट व तंत्रज्ञ ह्यांचे श्रम एकदा झाले आणि त्यांचा मोबदलाही, कमी-अधिक प्रमाणात का होईना, दिला गेला. त्यानंतर तीन दशके त्या नावाभोवती जो जिव्हाळा साठत गेला, तो लाखो प्रेक्षकांच्या आठवणींतून साठला. आज भांडवल त्या नावाकडे वळते ते ह्या साठ्यासाठीच. नव्या कथेत जोखीम असते; जुन्या नावाला गिऱ्हाईक आधीच तयार असते. चाहत्यांची अस्वस्थता हीच आहे की, त्यांचे प्रेम कच्चा माल म्हणून फुकट उचलले जाते आणि पक्का माल होऊन महागड्या तिकिटाच्या रूपाने त्यांनाच परत विकला जातो.

मात्र ह्यावरून जुन्या कथेला कोणी हात लावू नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘मिस्टर इंडिया’ स्वतःच कोठून आला? एच. जी. वेल्सची ‘अदृश्य माणूस’ ही कादंबरी १८९७ ची. तिच्यातील शास्त्रज्ञ अदृश्य होताच माणुसकीला पारखा होतो आणि दहशतीचे राज्य स्थापू पाहतो. हिंदी चित्रपटाने तीच कल्पना घेतली, पण ती शक्ती दिली एका कफल्लक व्हायोलिनवादकाला, जो भाड्याच्या घरात दहा अनाथ मुले सांभाळतो आणि ज्याला वाण्याची उधारी चुकवता येत नाही. सत्तेचे साधन झालेली अदृश्यता येथे दुर्बलांचे हत्यार झाली. मूळ कल्पनेचा अर्थच पालटला, आणि म्हणून ही उसनवारी न राहता नवनिर्मिती झाली.

मराठीतले उदाहरण ह्याहून जवळचे आहे. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांच्या बोलीत आणणारे भा. रा. भागवत (१९१०–२००१) ह्यांनीच फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे जन्माला घातला. सायकलवर टांग मारून ‘टॉक्’ करणारा तो काटकुळा मुलगा वीसेक पुस्तकांतून पिढ्यांच्या ओळखीचा झाला. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याच्यावर आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट आला, तेव्हा जुने वाचक असेच दुभंगले. त्यांचा शाळकरी बनेश पडद्यावर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला होता. दहा वर्षांच्या मुलाला ज्याच्यात स्वतःला पाहता येत असे, तो नायक मोठा झाला, ही हानी खरीच होती. परंतु त्या चित्रपटाने एका परीक्षार्थीच्या मृत्यूचा माग काढीत परीक्षांच्या काळ्या बाजाराला हात घातला. खाजगी शिकवण्यांच्या फीपायी शेत गहाण टाकणाऱ्या घरांना हे संकट समजावून सांगावे लागत नाही. नव्या काळाचा अन्याय जुन्या नायकासमोर उभा केला, एवढ्यापुरते तरी त्या पुनर्मांडणीचे समर्थन करावे लागेल.

तेव्हा नायक पूर्वीसारखाच दिसतो की नाही, ही पुनर्मांडणीची कसोटी नव्हे. तो आज कोणाच्या बाजूने उभा आहे, ही कसोटी आहे. ज्या शरद ऋतूत फास्टर फेणे पडद्यावर आला, त्याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभ्या पिकात शिरलेला मजूर हा शहरी प्रेक्षकाच्या दृष्टीने अदृश्य माणूसच होता. त्याला कोणत्याही यंत्राने अदृश्य केले नव्हते. बाजाराच्या व शासनाच्या दुर्लक्षाने केले होते. ‘मिस्टर इंडिया’चा नवा अवतार ह्या माणसापर्यंत पोहोचणार असेल, तर जुन्या चाहत्यांनी त्याचे स्वागतच करावे. केवळ स्फोट अधिक मोठे आणि संगणकाची किमया अधिक झगझगीत होणार असेल, तर त्यांचा संशय रास्त आहे.

ह्या संदर्भात १९७४ ची एक घटना आठवण्याजोगी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. पुढे उघड झाले की, ही कथा जयंत नारळीकरांची होती. जगद्विख्यात नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. कथा नावावर न जाता गुणावर तोलली जावी, हा त्यामागचा आग्रह. आजच्या चित्रव्यवसायाचा आग्रह नेमका उलटा आहे. कथा कशीही असो, नाव ओळखीचे हवे. दरवर्षी जुन्याच नावांवर पैसा लावला जातो, तेव्हा अज्ञात लेखकाची नवी कथा दाराबाहेरच राहते, आणि उद्याच्या पिढीला आठवण ठेवण्याजोगे स्वतःचे असे काही उरत नाही. चाहत्यांच्या तक्रारीत ही हानी क्वचितच मोजली जाते; वस्तुतः तीच सर्वांत मोठी आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? निर्मात्यांना पत्रे लिहून किंवा बहिष्काराची भाषा बोलून फारसे साधणार नाही. काम जवळचे व साधे आहे. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांत भागवतांची व नारळीकरांची पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशी आहेत की कपाटात कुलूपबंद आहेत, हे पाहावे. २०१९ मध्ये यवतमाळला ब्याण्णवावे साहित्य संमेलन झाले आणि त्याचे उद्घाटन जिल्ह्यातीलच एका शेतकऱ्याच्या विधवेने केले. जिच्याकडे एरवी कोणी पाहिले नसते, तिचे शब्द त्या दिवशी सर्वांनी ऐकले. झरी-जामणीच्या शाळेतील कोलाम मुलाला आणि दिग्रसच्या तांड्यावरील मुलीला तशीच संधी मिळाली पाहिजे. शाळाशाळांतून विज्ञानकथांच्या स्पर्धा भरवाव्यात, मुलांना वऱ्हाडीत, कोलामीत, गोरमाटीत लिहू द्यावे, आणि कथेवर नाव न घालण्याचा नारळीकरांचा शिरस्ता पाळावा. जुन्या नायकांवरील कायदेशीर हक्क निर्मात्यांकडे २०४७ पर्यंत खुशाल राहोत. नवे नायक निर्माण करण्याचा हक्क कोणत्याही कायद्याने त्यांच्या नावे लिहून दिलेला नाही.