आधी इशारा, मग दंड

हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरीकडे वळावे, तोच समोरून येणाऱ्या अनोळखी चालकाने दिव्यांची उघडझाप करावी आणि आपण तत्काळ वेग आवरावा, हा अनुभव येथील मोटारवाल्यांना नवा नाही. पुढे पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी आहे, हा त्या खुणेचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एरवी एकमेकांना वाट न देणारे दोन चालक या एका बाबतीत सख्ख्या भावांसारखे वागतात! या बंधुभावाचे हसू येते, तसा खेदही वाटतो. रस्त्याने कोणत्या वेगाने जावे आणि तो कोठे मोजला जातो, हे शासनाच्या फलकाने सांगावयाचे असते. वाटसरूच्या दिव्याने नव्हे.

हा लपंडाव फार जुना आहे. इंग्लंडमध्ये 1905 साली ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली, ती सभासदांना पोलिसांच्या वेगसापळ्यांची आगाऊ वर्दी देण्याच्या उद्देशानेच. 1910 साली न्यायालयाने अशी वर्दी देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय दिला. तेव्हा संस्थेच्या गस्तीवाल्यांनी युक्ती काढली. सभासदाची मोटार दिसताच सलाम करावयाचा. पुढे सापळा असल्यास मात्र करावयाचा नाही! सलाम न करणे हा गुन्हा कसा ठरणार? त्याच देशात 1992 साली वेग टिपणारे कॅमेरे आले आणि कालांतराने ते दुरून दिसावेत म्हणून पिवळे रंगविण्यात आले. जो कॅमेरा दिसतो, तोच वेग कमी करवितो, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने यांत्रिक देखरेखीची तरतूद केली. त्यानंतर 2021 साली केंद्र शासनाने जे नियम केले, त्यांत कॅमेऱ्याच्या कक्षेतील रस्त्यापूर्वी ठळक इशाराफलक लावावा, यंत्राची योग्यता प्रमाणित असावी आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत द्यावी, असे सांगितले. अतिवेगाबद्दल हलक्या वाहनास एक ते दोन हजार आणि जड वाहनास दोन ते चार हजार रुपये दंड कायद्यात आहे. दंड इतका जबर असेल, तर इशाराही तितकाच निःसंदिग्ध असला पाहिजे. पूर्वी दवंडी पिटल्यावाचून हुकूम अमलात येत नसे. आज झाडीत झाकलेला फलक ही दवंडी ठरू शकत नाही. 2011 पासून ज्या मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण रेंगाळत आले, तेथे वळणरस्ते बदलतात, तशी वेगमर्यादाही बदलते; म्हणून तर ही दक्षता अधिक हवी.

मात्र इशारा मागणे म्हणजे सवलत मागणे नव्हे. 2022 च्या सप्टेंबरात लांज्याजवळ अंजणारी येथे गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला, चालकाचा जीव गेला आणि महामार्ग दीर्घकाळ बंद राहिला. आपले घाट आणि उतार बेफिकिरीला क्षमा करीत नाहीत. फलक वाचूनही जो वेग आवरीत नाही, त्याच्यासाठी आमच्याजवळ सहानुभूतीचा शब्दही नाही.

फलक लावल्यास चालक तेवढ्यापुरतेच सावध होतील, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर असे की, धोक्याच्या वळणावर सावध व्हावे, एवढाच तर हेतू आहे. त्याहून अधिक हवे असेल, तर दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजण्याची सोय आता उपलब्ध आहे. तीही जाहीर करून वापरावी. पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम लिहिणाऱ्या मास्तरांची छडी मुलांना अन्यायाची वाटत नाही. दाराआड उभे राहून चुका टिपणाऱ्या मास्तरांचा मात्र केवळ धाक राहतो, आदर उरत नाही.

तेव्हा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने कॅमेऱ्यांची ठिकाणे व तेथील वेगमर्यादा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी आणि गणपतीसाठी चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी मराठीत ठळक फलक उभारावेत. मग दंड खुशाल वसूल करावा. त्या दिवशी समोरच्या चालकाला दिव्याची उघडझाप करण्याचे कारण उरणार नाही. आणि दंडाच्या रकमेत घट झाली, तर कोणाही सुज्ञाला त्याचे दुःख वाटू नये.