आई, तू काय दाबलंस?

मैत्रिणींनो, संगणक बिघडला की घरात पहिला प्रश्न, "आई, तू काय दाबलंस?" परवा आमच्याकडे जाहिरातींचा पाऊस सुरू झाला, तो लेकाने उतरवलेल्या फुकटच्या गेममुळे! पण बँकेचे व्यवहार मी त्यावरच करते, म्हणून मीच पदर खोचला. आधी इंटरनेट तोडलं. मग विंडोजच्या डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. विंडोज उघडण्याआधीच ते तपासतं, त्यामुळे लपून बसलेलं सापडण्याची शक्यता जास्त. पासवर्ड मात्र माझ्या मोबाइलवरून बदलले. त्याच संगणकावरून बदलणं म्हणजे चोरादेखत नवं कुलूप लावणं! आता 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चा पासवर्ड माझ्याकडे. कपाटाच्या किल्ल्या आपल्या कमरेला, मग हीच का नको? लेकाला साधं खातं दिलंय. रुसलाय. रुसू दे!