संगणक आवाज विसरतो तेव्हा

रात्री आवाज कमी करून ठेवावा आणि सकाळी संगणक सुरू करताच तो पुन्हा मोठ्याने वाजावा, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. हेडफोन लावून अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या बाबतीत ती किरकोळ समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ४० तासांसाठी मोठ्यांना ८० डेसिबल, तर मुलांना ७५ डेसिबल अशी आहे.

मग संगणक विसरतो का? साउंड कार्डात लावलेली पातळी वीज बंद होताच पुसली जाते. ती डिस्कवर लिहून ठेवणे आणि सुरू होताना परत लावणे, हे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे.

अनेकांच्या जुन्या संगणकावर उबुंटू किंवा दुसरे लिनक्स असते. तिथे साउंड कार्ड ‘अल्सा’ सांभाळते. अल्साची नोंद साधारणपणे संगणक रीतसर बंद होताना होते. बटण दाबून धरले, थेट स्विच बंद केला किंवा अचानक लाइट गेली, तर नवी पातळी लिहिली जात नाही आणि पुढच्या वेळी जुनीच परत येते.

उपाय सोपा आहे. आवाज हवा तसा लावा. टर्मिनल उघडून ‘सुडो’, मग ए-एल-एस-ए-सी-टी-एल ही अक्षरे जोडून, मग ‘स्टोअर’ असे तीन शब्द इंग्रजीत, लहान लिपीत लिहा आणि पासवर्ड द्या. नोंद लगेच होते. ‘स्टोअर’च्या जागी ‘रिस्टोअर’ लिहिले की तीच पातळी परत लागते. पडद्यावरची आवाजाची पट्टी आपली नोंद वेगळी ठेवते, म्हणून तीही पाहून घ्या.

विंडोजमध्ये ही नोंद आपोआप होते, पण प्रत्येक उपकरणाची वेगळी. स्पीकरचा आवाज कमी केला म्हणून हेडफोनचा कमी होत नाही. मुलांसाठी आवाज लावायचा असेल, तर आधी हेडफोन जोडा, मगच पट्टी खाली आणा.

घरात दोन सवयी लावाव्यात. संगणक नेहमी ‘शट डाउन’ करूनच बंद करायचा. आणि हेडफोन कानाला लावण्यापूर्वी हातात धरून एकदा वाजवून पाहायचा. संगणक विसरला तरी मुलांचे कान सुरक्षित राहतील.