मेलेल्या बोटांचा भाव



मशीनमध्ये बोट तुटलं की रक्त दिसतं. मग पंचनामा, मग भाव. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानं भाव छापूनच ठेवला होता. अख्खा अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के कमी, तर्जनी गेली तर 14. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहिता लागू झाल्या, हिशेबाची चाल तीच. पण बोट हातालाच आहे आणि मेलंय, त्याचं काय?

ब्रेकरनं रस्ता फोडणाऱ्याला विचारा. ‘हात सुन्न व्हई जातस’ एवढंच सांगेल. रात्री मुंग्यांनी झोप मोडते. शर्टाचं बटण लागत नाही. थंडीच्या पहाटे बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडतात. हादऱ्यांनी बोटांतल्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं कुटल्या जातात, मग गारठ्यात त्या आखडतात, रक्त पोचत नाही. आपल्या खान्देशात उन्हाळा 45 डिग्रीचा. तेव्हा हात दाखवला तर बोटं चांगली दिसतात. डॉक्टर म्हणतो, अशक्तपणा आहे, विडी सोड. विडी सोडावीच, तीही रक्तवाहिन्या आवळते. पण ब्रेकर कसा सोडायचा?

पिंप्राळ्याचं रेल्वे गेट जळगावात कुणाला ठाऊक नाही? जळगाव भुसावळ विभागात, मनमाडही त्याच विभागात. त्या मनमाडला 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन दुश्मन बाबासाहेबांनी तिथंच नाव घेऊन सांगितले. आणि हेही सांगितलं की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. स्टेशनात पोर्टरसुद्धा होत नाही, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी राबतो आणि तिथं विटाळ आडवा येतो. म्हणजे कुणाच्या हातात कोणतं हत्यार द्यायचं, हे जातीनं ठरवलं. तेव्हा हातात बीटर होता. आता गिट्टी ठासायला हातात धरायचे टॅम्पर आलेत. मशीन आलं तरी ते धरणारा हात कुठल्या वस्तीतून येतो ते बघा. अमृत योजनेच्या पाइपांसाठी जळगावचे रस्ते उकरले गेले, तेव्हा ब्रेकरमागे कोण होतं? स्लॅब टाकताना व्हायब्रेटर कोण धरतो? साहेबाचा पोरगा नाही.

आणि हे दुखणं काही आजचं नाही. 1918 साली अमेरिकेत बेडफर्डला हवेच्या हातोड्यानं दगड घडणाऱ्यांची बोटं अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी तपासून नोंदली. 1998 साली इंग्लंडच्या खाणकामगारांनी कोर्टात ब्रिटिश कोलला हरवलं आणि भरपाई घेतली. युरोपनं 2002 ला मर्यादा बांधली : आठ तासांच्या हिशेबानं सेकंदवर्गाला 5 मीटर, त्यावर नाही. 2.5 झाले की मालकानं हालचाल करायची. गणित सोपं आहे. हादरा दुप्पट तर वेळ पाव. 10 चा हादरा देणारं मशीन फक्त दोन तास धरायचं. आपल्याकडं मुकादम दिवसभर धरायला लावतो.

इथं गंमत बघा. ब्रेकर एकच. त्याच्या आवाजानं कान गेला तर तो आपल्या कायद्याच्या रोगांच्या यादीत आहे. त्याच ब्रेकरच्या हादऱ्यानं हात गेला तर तो यादीत नाही! यादीत नाही म्हणजे रोग कामामुळंच झाला हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर. ठेक्यावरचा माणूस काय सिद्ध करणार, ज्याचं नाव मस्टरवर धड लागत नाही? हवा, आवाज आणि हादरे या तिन्हींसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1977 ला 148 नंबरचा करार केला. भारतानं तो अजून मान्य केलेला नाही.

आमचं म्हणणं असं : हादऱ्याचा रोग यादीत घाला. मशीनवर हादऱ्याचा आकडा लिहा आणि त्या आकड्याप्रमाणं पाळी बदला, मजुरी न कापता. झटका कमी करणाऱ्या दांड्याचे ब्रेकर आणा. साधे हातमोजे वाटून फोटो काढू नका, त्यांनी ऊब मिळते, हादरा थांबत नाही. महापालिकेच्या आणि रेल्वेच्या प्रत्येक ठेक्यात हे कलम पाहिजे, आणि वर्षातून एकदा हातांची तपासणी. ती डिसेंबर-जानेवारीत.

आणि ती सरकार करील म्हणून बसू नका. यंदाची थंडी पडली की वही घेऊन पहाटे मजूर अड्ड्यावर जायचं. किती वर्षं मशीन धरलं, कोणतं, दिवसाला किती तास, कोणती बोटं पांढरी पडतात, बटण लागतं का, एवढं लिहायचं. नाव विचारायचं नाही, मुकादमाच्या हाती लागलं तर त्याची रोजी जाईल. पिंप्राळ्यापासून सुरू करू.