बॅग भरू की थांबू?

"लग्नाला चार वर्षं झाली. गेलं दीड वर्ष आम्हांला मूल हवं आहे. दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूर-उटीला जाऊ, असं ह्यांच्या मनात आहे. पण जाऊबाई म्हणतात, 'आता कसला प्रवास? मध्येच काही असलं-नसलं तर?' मागच्या दिवाळीत असंच रद्द केलं, उन्हाळ्यातही केलं. ताई, जावं की न जावं?"

इस्लामपूरच्या एका मैत्रिणीचं हे पत्र. वाचलं आणि कणकेचे हात धुऊन पुन्हा एकदा वाचलं. कारण हा प्रश्न काही वर्षांपूर्वी माझाही होता. 'असलं-नसलं तर' म्हणून भाचीचं बारसं चुकवलं, मैत्रिणीच्या भावाचं लग्न चुकवलं. महिन्याचे पहिले पंधरा दिवस डॉक्टरांचे आणि पुढचे पंधरा दिवस धास्तीचे. भिंतीवरच्या कॅलेंडरात आमच्या दोघांसाठी म्हणून एकही तारीख उरत नसे.

आधी माझी हकीकत सांगते. २०१७ च्या एप्रिलात शाळेचे पेपर तपासून दिले आणि आम्ही दोघं एसटीनं दापोली-हर्णैला गेलो. पाळी पाच-सहा दिवस पुढं गेली होती, पण जागरणं झालीत, त्यानं असेल, म्हणून मी मनावर घेतलं नाही. परत आल्यावर आठवड्याभरात पोटात दुखू लागलं, अंगावरून जाऊ लागलं. दवाखान्यात दोन बातम्या एकदमच कळल्या. दिवस गेले होते, आणि आता राहिले नव्हते.

भेटायला आलेल्या बायका हळहळल्या. "एसटीचे गचके, घाटाची वळणं, दुसरं काय!" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मी ते खरं धरलं. पुढची तीन वर्षं मी माहेरी साताऱ्यालासुद्धा गेले नाही.

मग २०२० साल आलं. टाळेबंदीत पुन्हा दिवस गेले आणि आठव्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. या वेळी मी बिल्डिंगचा जिनासुद्धा उतरले नव्हते. ना एसटी, ना घाट. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, की पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत दोष गुणसूत्रांचा असतो. बीज जुळतानाच कुठंतरी चूक झालेली असते. कळलेल्या शंभर गरोदरपणांत साधारण दहा ते पंधरा अशी संपतात. गचक्यानं, जिना चढल्यानं, हात वर करून कपडे वाळत घातल्यानं हे होत नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "तीन वर्षं त्या एसटीला उगाच शिव्या घातल्या." आम्ही दोघं हसलो, आणि मग बराच वेळ रडलो.

म्हणून या मैत्रिणीला माझं पहिलं उत्तर असं, की जा. मात्र डोळसपणे जा. कुठल्या दिवसांत काय जपायचं, ते आता ओळीनं सांगते.

निघण्यापूर्वी

मूल हवं असं ठरलं, की फोलिक ॲसिडची गोळी सुरू करायची; दिवस राहण्याची वाट पाहायची नाही. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच होते, म्हणजे पुष्कळदा आपल्याला कळायच्या आतच. नेहमीचं प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाजारात जास्त ताकदीच्याही गोळ्या मिळतात; आपल्याला कुठली, ते डॉक्टरांनाच विचारा. बॅगेत ही गोळी दात घासायच्या ब्रशाबरोबर ठेवली, म्हणजे विसरत नाही.

लहानपणी गोवर-रुबेलाची लस झाली नसेल तर ती आत्ताच घ्यावी, आणि त्यानंतर एक महिना तरी दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत. थायरॉईड, साखर, रक्तदाब यांच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांचंही आधीच विचारून घ्या.

तिकिटांचं सांगायचं, तर १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी मिळतं. पूर्वीसारखा चार महिन्यांचा हिशेब करावा लागत नाही, ही आपल्या दृष्टीनं सोयच झाली. तिकीट असो की हॉटेल, रद्द केल्यास किती पैसे कापतात हे आधी विचारावं. थोडे जास्त गेले तरी चालतील, पण पैसे परत मिळतील असंच बुकिंग करावं. म्हणजे 'असलं-नसलं'ची धास्ती निम्मी होते.

जागा कोणती?

उटी सुमारे ७,३०० फूट उंच आहे. तेवढ्या उंचीनं बिघडत नाही. महाबळेश्वर तर त्याहून बरंच खाली, साडेचार हजार फुटांवर. पण लेह-लडाखचा बेत असेल तर तो या दिवसांत पुढं ढकला. लेहच साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि तिथले घाट त्याहून कितीतरी उंच. विरळ हवेचा त्रास धडधाकट माणसालाही होतो.

डासांचं मनावर घ्या. झिका हा डासांनी पसरणारा आजार गर्भातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही तो झाला. जिथं साथ चालू आहे तिथं या दिवसांत जाऊ नये. जाणं झालंच, तर परतल्यावर बाईनं दोन महिने आणि पुरुषानं तीन महिने मुलाचा विचार थांबवावा. नवरा एकटा जाऊन आला असला, तरी हा नियम त्याला लागू आहे. जंगलपट्टीत जाणार असाल तर मलेरियाचंही डॉक्टरांना विचारा. मच्छरदाणी आणि अंगभर कपडे सगळीकडेच हवेत.

वज्रेश्वरी, उन्हवरे अशा गरम पाण्याच्या कुंडांत पाय बुडवायला हरकत नाही. पण पाळी चुकली असेल तर त्यात डुंबू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगाचं तापमान फार वाढणं बाळाला चांगलं नसतं. तारकर्लीला गेलात आणि दिवस असल्याची शंका असेल, तर पाण्याखाली उतरायचा मोह टाळा, काठावरून समुद्र पाहा.

खाण्यात पाणी पहिलं. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ई जातीची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. उकळलेलं किंवा सीलबंद पाणीच प्यावं. कापून ठेवलेली फळं, बर्फ, गाडीवरची पाणीपुरी नको. कोकणात गेल्यावर बांगडा, तारली खुशाल खा. फक्त मोरी नको. मोरी म्हणजे शार्क. तिच्यात पारा साठलेला असतो.

मधले पंधरा दिवस

पाळी २८ दिवसांची असेल, तर साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत. म्हणून त्याआधीचे पाच-सहा दिवस महत्त्वाचे. आपल्या घरांत दोन खोल्यांत सात माणसं असतात. हे दिवस सहलीत आले तर संकोच कसला? बरंच झालं म्हणा! पण "फिरून या, मन मोकळं झालं की गोड बातमी येतेच" असं म्हणणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. सहल म्हणजे औषध नव्हे. तसं समजून गेलात, तर परतल्यावर पाळी आली की सहलीचाही आनंद जातो.

त्यानंतरचे पंधरा दिवस कळत काहीच नाही. या काळात प्रवास केल्यानं गर्भ रुजायचा थांबत नाही. फक्त अंगदुखीच्या, डोकेदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका. 'दिवस आहेत की नाही अजून कळलं नाही' हे वाक्य डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानात सांगायची सवय ठेवा. दारूचा थेंबही नको.

पाळी चुकल्यावर

इथं मात्र थोडं थांबा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी होते. गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे त्यात कळतं. कधी कधी तो नळीत राहतो. तसं झालं तर पोटात एका बाजूला जोरात कळ येते, चक्कर येते, आणि तासाभराचा उशीरही महागात पडतो. म्हणून ही तपासणी होईपर्यंत दवाखान्यापासून तासन्‌तास दूर अशा जागी राहू नये. प्रवास गर्भ पाडतो म्हणून हे सांगत नाही. अडचण आली तर मदत जवळ असावी, एवढंच.

पहिले तीन महिने उलट्या, मळमळ, थकवा असतो, घाटात तर विचारू नका. सर्वांत सुखाचा काळ चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंतचा. रेल्वेत गरोदर बाईला खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना तसं सांगा. मोटारीत पट्टा लावायचाच. खालची पट्टी पोटावरून न घेता पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घ्यायची. दर दोन तासांनी उतरून चार पावलं चाला, पाणी प्या. एकाच जागी बसून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. विमानतळावरची तपासणीची चौकट क्ष-किरणांची नसते, तिला भिऊ नका.

पर्समध्ये फाईल, रक्तगट लिहिलेली चिठ्ठी आणि डॉक्टरांचा नंबर हवाच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून लिहा. रक्तस्राव झाला तर वेळेत इंजेक्शन द्यावं लागतं. अंगावर जाऊ लागलं, जोराची कळ आली, ताप चढला, तर घरी परतायची वाट न पाहता तिथल्याच दवाखान्यात जा. १०८ नंबरची रुग्णवाहिका लक्षात असू द्या.

आणि आता पत्राचं उत्तर

तर मैत्रिणी, मिरजेहून रेल्वेनं म्हैसूर गाठ. म्हैसूरहून उटीला सकाळीच निघा. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, आणि घाटही उजेडातच बरा. निघण्याआधी पाळी चुकली, तर घरीच तपासणी करून डॉक्टरांना भेट आणि मग ठरव. दीड वर्ष झालं म्हणतेस. वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष, पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जायचं असतं. तेव्हा सुट्टीच्या आधी किंवा नंतर, पण दोघांनीही तपासून घ्या. नुसती तू नव्हेस, तेही.

जाऊबाईंना रागावू नकोस. त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. माझ्या सासूबाईंचंही मत तेच होतं. २०२२ मध्ये मला पाचवा महिना असताना त्याच माझ्याबरोबर एसटीत बसून साताऱ्याला आल्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा धरून. आज ती मुलगी माझ्या वह्यांवर रेघोट्या मारते.

दोन वेळा मी गमावलं, त्याला प्रवास कारण नव्हता. पण त्या धास्तीनं तीन वर्षांत माहेरच्या ज्या दिवाळ्या चुकल्या, त्या काही परत मिळायच्या नाहीत. तुझी ही दिवाळी तशी जाऊ देऊ नकोस. आणि उद्या, देव न करो, काही बिनसलंच, तर उटीला दोष देऊ नकोस, ह्यांना देऊ नकोस. स्वतःला तर मुळीच देऊ नकोस.

जाऊन आलीस की पत्र टाक.