घरोघरीचे ध्वनिमुद्रण आणि झाकोळणारे अक्षर

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर नामसंकीर्तनाचा विचार मनात यावा, हे स्वाभाविकच आहे. यंदा तो विचार आम्ही एका निराळ्या अंगाने वाचकांपुढे ठेवू इच्छितो. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या बसमधून पंढरपुरास आणण्यात आल्या. मंदिरांची दारे बंद, सप्ताह बंद, फडावरची भजनेही बंद. त्या दिवसांत आमच्यासारख्या कीर्तनकारांनी देवघरापुढे उभे राहून मोबाइलसमोर कीर्तने केली. पायी वारी २०२२ साली पूर्ववत् सुरू झाली. परंतु घरी बसून ध्वनिमुद्रण करण्याची सवय मात्र टिकून राहिली. आज लहानशा भजनी मंडळाजवळही मायक्रोफोन आणि संगणक असतो.

ही गोष्ट आनंदाचीच आहे. तथापि अशी जी मुद्रणे आमच्या कानी येतात, त्यांपैकी पुष्कळांत पखवाज छातीत धडधडतो, टाळ कानठळ्या बसवितात, आणि अभंगाचा शब्द मात्र उमगत नाही. साधने वाढली असता अक्षर का झाकोळावे, याचा विचार झाला पाहिजे.

दोषाचे उदाहरण आम्ही आमच्याच घरचे देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वयोवृद्ध गुरुबंधूंकडून काकड्याच्या जुन्या चाली मुद्रित करून घ्याव्यात, असे आम्ही ठरविले. हौसेने भारी किमतीचा, अतिशय संवेदनशील मायक्रोफोन आणला, तो बैठकीच्या मधोमध ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंस टाळकरी बसविले. समारंभ थाटात झाला. पुढल्याच वर्षी गुरुबंधू वैकुंठवासी झाले. आज ते मुद्रण लावले की टाळांचा प्रत्येक ठोका स्वच्छ ऐकू येतो. गुरुबंधूंचा शब्द मात्र त्याखाली दबलेला. एका चालीतील अंतऱ्याची वळणे आता आम्हां कोणालाच नीट उतरविता येत नाहीत. ती चुकी यंत्राची नव्हती, आमची होती.

मौखिक परंपरेत अशी हानी भरून येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, हे थोर कार्य सर्वश्रुत आहे. परंतु त्यांपैकी प्रत्यक्ष गळ्यातून ध्वनिमुद्रित झाल्या त्या थोड्याच. उरलेल्यांचा शब्द कागदावर राहिला, गळा नाही. आज प्रत्येक घराला दोन्ही राखता येतील, इतकी साधने हाताशी आहेत. म्हणूनच ती कशी निवडावीत आणि कशी वापरावीत, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत उच्चारशास्त्राची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत वर्णाला पहिले स्थान आहे. घरच्या मुद्रणातही वर्णच पहिला मानावा, म्हणजे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम खोली. लोक पैसा यंत्रावर खर्चतात आणि खोलीकडे पाहत नाहीत. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परतवितात आणि अक्षराला अक्षर चिकटते. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून पाहावी. मागून खणखणाट आला तर खाली सतरंज्या अंथराव्यात, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंस गोधड्या किंवा घोंगड्या टांगाव्यात. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद ठेवावेत. या उपायांना फारसा खर्च नाही, आणि गुण मात्र मोठा आहे.

मग मायक्रोफोन. याचे दोन प्रकार मुख्य. कंडेन्सर जातीचा अधिक संवेदनशील; त्यास बहुधा ४८ व्होल्टचा विद्युत्पुरवठा लागतो आणि तो खोलीतील बारीकसारीक खुडबुडही टिपतो. डायनॅमिक जातीचा त्या मानाने धीमा. जवळचे घेतो, दूरचे पुष्कळसे सोडतो. रस्त्यालगतच्या घरात किंवा टाळ-पखवाजाच्या सान्निध्यात हा दुसराच बरा. तो तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका धरावा. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख असे महाप्राण वर्ण विपुल आहेत. मायक्रोफोन अगदी समोर असला तर त्यांचा श्वास थेट पडद्यावर आदळून फटफट उमटते. संगणकास जोडण्यासाठी दोन मायक्रोफोन घेणारा साधा इंटरफेस घरास पुरे होतो. एक गाणाऱ्यापुढे आणि दुसरा साथीपुढे ठेवावा. टाळकऱ्यांना गाणाऱ्याच्या मायक्रोफोनच्या पाठीमागे, आठ-दहा फुटांवर बसवावे. गुरुबंधूंच्या वेळी आम्ही एवढे जरी केले असते, तरी आजची हळहळ टळली असती.

नुसत्या मोबाइलनेही काम भागते. परंतु एक सावधगिरी हवी. बोलण्यासाठी केलेल्या यंत्रणा अखंड चालणाऱ्या नादास गोंगाट समजून दाबतात. २०२० साली दूरस्थ कीर्तनांतून तंबोरा मधूनच नाहीसा होत असे, तो याच कारणाने. अशी गोंगाट दाबण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी.

आवाजाची पातळी हा तिसरा विषय. कॅसेटच्या काळी फितीची खरखर झाकावी म्हणून आवाज चढा ठेवण्याचा प्रघात होता. आमच्या पिढीच्या हातांतून ती सवय अद्यापि गेलेली नाही. संगणकाच्या २४ बिटांच्या मुद्रणात तशी खरखर नाही. उलट आवाज मर्यादेपलीकडे गेला तर तो फाटतो, आणि फाटलेला भाग पूर्ववत् होत नाही. म्हणून सर्वांत मोठा गजरही मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली राहील, असे पाहावे.

आता ध्वनिमिश्रण. येथे क्रमाला महत्त्व आहे. प्रथम एकटा गळा ऐकावा. ८० हर्ट्झच्या खालची घरघर गाळून टाकावी. शब्दांस त्याने धक्का लागत नाही. मग साथ हळूहळू चढवावी आणि शब्द झाकू लागताच थांबावे. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात व्यंजनांची ओळख पुष्कळशी ठरते, आणि हार्मोनियम व टाळ नेमके तेथेच गर्दी करतात. त्या पट्ट्यात साथ दोन-तीन डेसिबल उतरविली, तर गळा न वाढविताही अक्षर वर येते.

आमच्या मंडळींना मोठी हौस असते ती रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची. मंदिराचे वातावरण यावे, हा हेतू चांगला आहे. परंतु दगडी सभामंडपात गाणारा घुमारा ओसरण्याची वाट पाहून पुढचा शब्द उच्चारतो. घरी द्रुत लयीत गाऊन झाल्यावर घातलेल्या घुमाऱ्यासाठी कोणी थांबलेले नसते. मागचा स्वर पुढच्या व्यंजनावर पसरतो. कॉम्प्रेसरचेही तसेच. आवाजाचे चढउतार तो सपाट करतो. करुण प्रसंगी कीर्तनकाराने मुद्दाम उतरविलेला आवाज अतिवापराने गजराइतकाच मोठा होतो. बळ हेही उच्चाराचे अंग आहे, याचे भान येथे ठेवावे.

कोणी म्हणतील, भजन हे समूहाचे. एकाच गळ्याला एवढा मान का? शंका योग्य आहे. गजराच्या वेळी टाळ अवश्य वर यावेत. परंतु टाळकरीदेखील मुखाने शब्दच म्हणत असतात. तो शब्द बुडाला तर समूहाचाच आवाज बुडाला.

मिश्रण पुरे झाले की ते मोबाइलवर, लहान आवाजात, घरातील अशा माणसास ऐकवावे ज्याला तो अभंग पाठ नाही. त्याला शब्द लिहून घेता आले, तर काम साधले. न आले, तर साथ आणखी उतरवावी.

शेवटी जतन. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपातच ठेवावे. निरोपाबरोबर पाठविलेल्या प्रती बहुधा आक्रसलेल्या असतात. एका तासाच्या दोन वाहिन्यांच्या मुद्रणास सुमारे एक जीबी जागा लागते, ती आज दुर्मीळ नाही. तीन प्रती कराव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. आणि गाणाऱ्याचे नाव, गाव, तिथी व चाल कोणाकडून आली, हे आरंभी बोलूनच मुद्रित करावे.

एकादशीचे पारणे झाल्यावर, वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना एकदा समोर बसवावे. आजींना एखादी ओवी, आजोबांना एखादी चाल आठवत असेल. पंखा बंद करावा, टाळ दूर ठेवावेत आणि त्यांना सावकाश म्हणू द्यावे. हे पुढल्या आषाढीवर टाकू नये, एवढीच आमची प्रार्थना.