रंग : प्रतीक आणि शेजार

मराठीच्या वर्गात कवितेतला रंग आला, की त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो. हिरवा म्हणजे समृद्धी, पांढरा म्हणजे पावित्र्य, काळा म्हणजे मृत्यू. मार्गदर्शिकांनी हे कोष्टक इतके रुळवले आहे, की कविता न वाचताही विद्यार्थी उत्तर लिहू शकतो. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. आणि ते का अपुरे, हे जलरंग आणि हातमाग यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

धूपछाव पैठणी घ्यावी. तिचा ताणा एका रंगाचा असतो, बाणा दुसऱ्या. वस्त्र हलले की कधी उभा धागा उजळतो, कधी आडवा. डोळ्यांना जाणवणारी ती झळाळी दोहोंपैकी कुठल्याही एका धाग्यात सापडत नाही. ती विणीत असते.

जलरंगाचेही असेच. वाळलेल्या पिवळ्यावर निळ्याचा पातळ हात फिरवला, की दोहोंतून पार होऊन कागदावरून परतणारा प्रकाश हिरवा दिसतो. उजेडासाठी चित्रकार पुष्कळदा कागद कोराच राखतो. सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' (१९४५-४६) हे जलरंगातले चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यातल्या स्त्रीने दिव्याच्या ज्योतीपुढे हात धरला आहे. तिच्या बोटांमधून झिरपणारा उजेड भोवतालच्या अंधारामुळेच इतका उजळतो.

या अनुभवाला शास्त्राचे रूप मिळाले तेही एका रंगशाळेत. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत १८२४ पासून रंगाईचे प्रमुख असलेले रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. रंगद्रव्यात खोट नव्हती. शेजारचे रंग त्या काळ्याची खोली हिरावून घेत होते. त्यातूनच १८३९ साली रंगांच्या परस्परविरोधावरचा त्यांचा ग्रंथ आला.

आता बालकवींची 'औदुंबर' पुन्हा वाचावी. आठ ओळींत हिरवा, निळा-सावळा, पांढरा आणि काळा. पायवाट पांढरी, कारण तिच्या दोन्ही बाजूंना हिरव्याची दाटी आहे. ती काळ्या डोहाकडे जाते तीही हिरव्या कुरणातून. म्हणूनच तो काळा इतका खोल वाटतो. येथे 'काळा म्हणजे मृत्यू' एवढे लिहून थांबणे म्हणजे विणीतून एकच धागा उपसून काढणे होय. कवितेने त्या काळिम्याला गोडही म्हटले आहे. त्याचे उत्तर कोष्टकापाशी नाही.

अर्थात, रंगांना सांस्कृतिक संकेत असतात हे आम्ही नाकारत नाही. परंतु संकेतही शेजारानेच ठरतो. मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा संक्रांतीला हलव्याच्या पांढऱ्या दागिन्यांसह नव्या नवरीच्या अंगावर कौतुकाने मिरवतो. रंग तोच, प्रसंग आणि सोबत बदलली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. रंग शिकवण्याच्या दिवशी साहित्याच्या वर्गात एक धूपछाव वस्त्र आणावे, जलरंगाची पेटी उघडावी, मग कविता वाचावी. 'हा रंग कशाचे प्रतीक आहे?' या प्रश्नाआधी 'तो कोणाशेजारी आहे?' हा प्रश्न विचारावा. प्रतीकाला त्याने बाध येणार नाही. मात्र ते कवितेतून मिळवावे लागेल, मार्गदर्शिकेतून उतरवता येणार नाही.